लाँचच्या तळाचा पत्रा

अंदमानात एका बेटाजवळ मालवाहू जहाज बुडालेलं होतं. सोनाली तिथं पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला न्यायची. सात वर्षं ती त्या गंजक्या जहाजाभोवती फिरत होती, आणि दर खेपेला तिला मुळशी धरणाच्या तळाशी पडलेली लाँच आठवायची.

ती लाँच तिचे वडील कोंडाजी चालवायचे. अठरा वर्षांपूर्वी पैलतीराला जाताना ती बुडाली. बाकीचे पोहून निघाले, गावातली राजाबाई बुडून गेली. मालक विठ्ठलरावांनी सांगितलं, कोंडाजी पिऊन होता, त्यानं खडकावर घातली. कोंडाजी सांगत राहिले, तळाला भोक होतं, मालकानं नुसता पत्रा ठोकून भागवलं होतं. ऐकतो कोण? कधी थेंब न घेतलेला माणूस गावात दारुडा ठरला.

यंदा मे महिन्यात सोनाली सिलिंडर घेऊनच घरी आली. लाँचची जागा धाकलू कोळ्याला पाठ होती. त्याची जाळी तिथंच अडकून फाटायची. त्यानं होडी काढली, तसे विठ्ठलराव काठावर आडवे आले.

"परवानगी हाय का?"

"कागद हाय. वाचून दावू?"

"आन् खाली काय घावलं न्हाई तर?"

"तर उद्या जाईन. परवा बी जाईन."

कोंडाजी हळूच म्हणाले, "न्हाई गेलीस तरी चालंल, पोरी."

"मला न्हाई चालत, आबा."

कमरेला दोरी बांधून ती उतरली. दुसरं टोक धाकलूच्या हातात. अंदमानात तळापर्यंत ऊन पोचायचं. इथं चार हातांवर सगळं हिरवंकाळं झालं. तिनं बॅटरी लावली. बऱ्याच वेळानं गाळात कलंडलेली लाँच दिसली. तिनं हातानं तळाचा गाळ पुसला. खडकाचा ओरखडासुद्धा नव्हता. मधोमध ताटाएवढं भोक होतं आणि शेजारी दोन खिळ्यांवर पत्रा लोंबत होता, डांबरासकट. तिनं आधी कॅमेऱ्यात सगळं टिपलं, मगच सुरीनं खिळे उचकटले.

काठावर माणसं जमली होती. पत्रा बघून विठ्ठलराव हसले. "असला पत्रा कुटं बी घावतोय."

सोनालीनं कॅमेरा त्यांच्यापुढं धरला नाही. ती सखूकडं गेली. सखू राजाबाईची लेक. अठरा वर्षं ती कोंडाजींच्या दारावरून तोंड फिरवून जायची. तिनं चित्रण दोनदा पाहिलं आणि सोनालीच्या हातातला पत्रा घेतला.

विठ्ठलराव गाडीकडं निघाले होते. सखू जाऊन गाडीच्या तोंडाशी उभी राहिली.

"बाजूला हो, सखू."

"न्हाई हुणार. पौडला पोलीस ठाण्यात जायचंय. तुमच्याच गाडीतनं."

"लाज न्हाई वाटत?"

"वाटती. ह्या माणसाला इतकी वरसं शिव्या दिल्या, त्येची."

माणसं गाडीभोवती सरकली. कोणी आवाज चढवला नाही, पण कोणी हटलंही नाही. विठ्ठलरावांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि मुकाट्यानं स्टिअरिंगमागं बसले.

सोनाली अजून नखशिखांत ओली होती. तिनं सखूसाठी मागचं दार उघडलं.

"आबा, तुमी पुढं बसा," ती म्हणाली.

कोंडाजींनी टोपी नीट केली आणि विठ्ठलरावांच्या शेजारी जाऊन बसले.