पाहुण्यांसाठी पट्टी

बारा वर्षं मी त्या आंतरराष्ट्रीय नेत्रसंस्थेसाठी फुकट राबले, आणि आता कुणी ‘समाजसेवा’ म्हटलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दर हिवाळ्यात आठवडाभर नाशिकचा माझा दवाखाना बंद ठेवायचा आणि दिंडोरीच्या शिबिरात मोतीबिंदूची ऑपरेशनं करायची. काम आवडायचं. डोकं फिरायचं ते नंतर, संस्थेची माणसं कॅमेरे घेऊन उगवली की.

शेवटच्या शिबिरात शेखर, म्हणजे संस्थेचा इथला व्यवस्थापक, म्हणाला, “मॅडम, परवा परदेशी पाहुणे ओझरच्या विमानतळावर उतरतायत. पट्ट्या त्यांच्या हस्ते सोडू.”

“पट्टी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सोडतात. विमान बघून नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः सगळ्यांच्या पट्ट्या सोडल्या. पेठ तालुक्यातल्या पुतळाबाईंचा एक डोळा लहानपणीच गेलेला. राहिलेल्या एकुलत्या एक डोळ्याने त्यांनी मला नीट न्याहाळलं.

“डॉक्टरबाई, तुम्ही तर पोरगीच हाय की.”

पन्नाशीच्या बाईला आणखी काय हवं? डोळ्यांत घालायच्या थेंबांचं सगळं बजावून मी दवाखान्यातल्या एका पेशंटसाठी नाशिकला गेले.

पाहुण्यांच्या दिवशी परत आले, तर हॉलमध्ये माझे सगळे पेशंट पुन्हा पट्ट्या बांधून ओळीने बसलेले. चांगली दिसायला लागलेली माणसं, समारंभासाठी परत आंधळी केलेली.

“काल संध्याकाळीच बांधून घेतल्या,” शेखर अगदी सहज म्हणाला.

“आणि थेंब?”

“एक रात्र तर राहिले, मॅडम. पाहुणे एवढ्या लांबून येतात, त्यांना काहीतरी बघायला मिळायला नको का?”

त्याच्या कानाखाली आवाज काढायचा राहिला, कारण तेवढ्यात माझं लक्ष पुतळाबाईंकडे गेलं. त्या पदर मुठीत घट्ट आवळून बसल्या होत्या. पाहुणे दारातून आत येत होते, कॅमेरे सुरू झाले होते. मी कुणाकडे न बघता त्यांची पट्टी सोडली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

डोळा लालभडक होता. आत पू.

त्यांच्या तोंडासमोर मी तीन बोटं धरली. “आजी, किती?”

टाळ्या जिकडून येत होत्या तिकडे तोंड करून त्या हसल्या. “सगळं दिसतं. लय चांगलं दिसतं.”

त्यांना उचलूनच गाडीत घातलं. नाशिकच्या रस्त्यावर मी ओरडलेच, “कधीपासून दुखतंय?”

“रातच्यापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“सायेब बोलले, पाव्हणं येईपर्यंत तक्रार नाय करायची.”

त्याच दुपारी डोळ्यात इंजेक्शनं दिली, नंतर डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. डोळा गेला. त्यांना ते सांगायचं काम माझ्याकडेच आलं आणि मी सांगितलं. पुढे हेही सांगितलं, की मी संस्था सोडतेय, आणि शेखरचं नाव घेऊन वर तक्रार करणार आहे, पेपरातही देणार आहे.

पुतळाबाईंनी पलंगावर चाचपत माझा हात शोधला.

“नका करू, बाई. ते रागावले तं पुढल्या साली येणार नाय. माझ्या बहिणीच्या दोन्ही डोळ्यांचं आपरेशन राहिलंय अजून.”