भुताच्या आधी मी येतो

मी सिंथेसायझर बोलतोय. वरातीत वाजणारा नव्हे. माझे क्षेत्र भय हे आहे. निदान तसा माझा समज होता.

माझा जन्म परदेशी कारखान्यात झाला असावा. खात्रीने सांगता येत नाही. आठवते ते सातपूर. तिथे कारखान्यात नोकरी करणाऱ्या हर्षलने मला जुन्या सामानाच्या दुकानातून घरी आणले. पाळी संपवून आला की तो माझी खर्जातली पट्टी दाबून धरी, सूर हळूहळू थरथरवी आणि स्वतःच दचके. घाबरण्यासाठी माणसे एवढे कष्ट घेतात, याचे मला नवल वाटे.

पुढे सायखेड्याचे महेशशेठ भुताचा चित्रपट काढू लागले. हर्षलला त्यांनी पहिले काम दिले, पण एका अटीवर.

"आमच्या आईला घाबरवून दाखव. साप निघाला तरी काठीनं हाकलते ती. ती घाबरली तर तुझं संगीत ठेवू, नायतर कापू."

भर दुपारी गोदामाचे शटर ओढून चित्रपट दाखवण्यात आला. समोर महेशशेठच्या आई धोंडाबाई, शेजारी सून उज्वला. विहिरीचे दृश्य आले आणि मी खर्जात घुमू लागलो. हर्षल पडद्याकडे नव्हे, धोंडाबाईंकडे पाहत होता. त्यांनी शांतपणे डोळे मिटले.

"आई, घाबरली ना?" महेशशेठनी विचारले.

"घाबरू कशाला? हे घुमलं की भूत येतंय, कळतं ना! डोळे मिटायचे, थांबलं की उघडायचे. लय गुणाचं यंत्र हाय बाबा."

"म्हणजे कापायचं ना संगीत?"

"कापून तर बघ! मग लेकराबाळांनी पिच्चर कसा बघायचा?"

संगीत राहिले. चित्रपट सहकुटुंब चालला; भुताची याहून मोठी नाचक्की माझ्या माहितीत नाही. "एक माणूस जरी घाबरला असता..." एवढेच म्हणून हर्षलने मला महेशशेठच्या घरी सोडले आणि तो पुन्हा कारखान्यातल्या पाळीवर जाऊ लागला.

हल्ली मी इथे कपाटावर असतो, अंगावर जुनी चादर. खाली उज्वलाचा मोबाईल वाजतो आणि मला माझाच खर्ज ऐकू येतो. तो तिने एकाच नंबरासाठी लावला आहे. तो घुमताच तिच्या हातातली पळी खाली पडते, पदर डोक्यावर जातो.

"हो आई... नाही आई... आलेच आई!"

वाचकहो, सातपूरला कुठे हर्षल भेटला, तर त्याला एवढे कळवा: त्याच्या सुराने एक व्यक्ती रोज, नियमितपणे दचकते. आणि डोळे मिटून तिचे भागत नाही.