कोथिंबिरीतला ढोल

अरे ऐका ना, ऋषीच्या गाण्याचं काय झालं ते. त्याचं ढोलाचं गाणं मुंबईच्या एका मालिकावाल्यांना लई आवडलं. घेतो म्हणले, पण ढोल साफ पाहिजे, वर कुणाचा आवाज नको. आन ह्या शहाण्यानं, कुणी चोरू नये म्हणून गाणंभर "ऋषी म्युझिक, डिंगोरे" असा घुमणाऱ्या आवाजाचा शिक्का मारलेला. बिगर शिक्क्याचं गाणं मोबाईलात जागा नाय म्हणून उडवलेलं. सोमवारी पाठवलं न्हाई तर ते दुसऱ्याचं घेणार व्हते.

मग ढोलवाले राघूमामा गाठले, बोरीला. ऋषीच्या चुलत्यानं, दादाभाऊ तात्यांनी, खतासाठी आपल्या रानात मामांची मेंढरं बसवलेली. मामा म्हणले, "वाजवतो की. पण मेंढरं टाकून कुठं येणार न्हाई."

ढोल सुरू झाला की मेंढरं बें बें. परत सुरू, परत बें.

"मामा, गप करा ना ह्यांना."

"तोंडात चारा असला की गप बसत्यात. तुझ्यासारखं न्हाई त्यांचं."

शेजारीच दादाभाऊंची कोथिंबीर, हिरवीगार. ऋषीनं माझ्याकडं बघितलं, मी ऋषीकडं. फाटक कुणी उघडलं ते इचारू नका.

ढोल काय वाजला राव. एक मेंढरू बोललं न्हाई. अगदी शेवटाला इहिरीवरच्या मोटारीकडनं दादाभाऊ आले, लांबूनच, "अय ऋष्या, त्या ढोलाचं कातडं काढून तुझ्या अंगाला चढवीन."

परत वाजवायला येळच नव्हता. तसंच पाठवलं.

तिकडनं फोन. ढोल झकास, तो शेवटचा माणूस त्याहून झकास. फक्त त्याचा आवाज ढोलाबिगर वेगळा द्या, आन त्याची लेखी परवानगी.

आता आली का पंचाईत. चुलता तर ऋषीचं तोंड बघत नव्हता. तरी गेलो. हेडफोन कानाला लावून दिला.

"हा मी?"

"तुमीच, तात्या."

परत ऐकलं, परत ऐकलं, आन सही ठोकली. पण माईकसमोर उभं केल्यावर टोपी सरळ करून म्हणतेत कसं, "ऋषी बाळा, तुझ्या ढोलाचं कातडं आपण काढू या."

"तात्या, रागावा ना जरा."

"कशावर रागावू? समोर काय नुकसान दिसंना." मग बराच येळ उरलेल्या कोथिंबिरीकडं बघत बसले. "राघू, सोड मेंढरं."

मेंढरं वाफ्यात शिरली आन तात्यांचं तोंड जे सुटलं, मामांनी ढोल खाली ठेवून कान झाकले.

कातड्याचं तेवढं वाक्य कापून पाठवलं. गाणं घेतलं त्यांनी. बाकीचं टीव्हीवर चालायसारखं न्हाई, ते तात्यांनी सोताच्या मोबाईलात घेतलंय. दूध घालायला गेले की डेअरीवर समद्यांना ऐकवतेत.