बटणापुढचा पहारा

नानांनी भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं आणि समाधानाने हात झटकले. घरोघरी विजेचे मीटर वाचण्यात त्यांची नोकरी सरली होती. रिकाम्या खोलीत नुसता पंखा फिरताना दिसला तरी त्यांचा जीव खालीवर होई. इथे तर सुनेचा अख्खा कॉम्प्युटर माणसावाचून चालू होता.

पाण्याची बाटली भरून सून आली, ती दारातच थबकली.

“नाना, तुम्ही बंद केलंत?”

“समोर कुणी नव्हतं गं. एक रेघ तेवढी मुंगीच्या पावलाने सरकत होती.”

तिने बटण लावून पाहिलं. आतला पंखा घरघरला, पडदा मात्र काळाच. मुलांच्या पुस्तकासाठी काढलेली चित्रं तिला संध्याकाळपर्यंत पाठवायची होती.

“चित्रं आहेत आत,” ती म्हणाली. “पण त्याला जागं करणारा आतला मूळ प्रोग्रॅम, बायॉस, अपडेट होत होता. तो अर्धाच लिहून झालाय. असा नाही उठायचा तो.”

नानांचं तोंड एवढंसं झालं. मुलाकडे राहायला येऊन त्यांना महिनाच होत होता. सुनेने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. पण ती गुपचूप मोबाइलवर बायॉसची फाइल उतरवून पेनड्राइव्हमध्ये घालत बसली. मग कॉम्प्युटरच्या मागच्या ठरावीक खाचेत तो खोचून तिने शेजारचं बारीक बटण दाबून धरलं. एक दिवा लुकलुकू लागला.

“बायॉस पुन्हा लिहिला जातोय. हा दिवा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये हं.”

नानांनी स्टूल ओढलं आणि भिंतीवरच्या बटणापुढे ठाण मांडलं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. सुनेने तो स्पीकरवर टाकला.

“काय गं, झालं का अपडेट? की नानांनी केलं बंद?”

“छे! माझाच पाय अडकला वायरीत.”

नानांना एकदम भरून आलं. त्यांनी हात पुढे केला.

“दे इकडे... अरे, बटण मी बंद केलं. तिच्या पायाचा काही संबंध नाही. आणि सारखे फोन करू नकोस, ती कामात आहे.”

त्यांनी फोन कापला. सून खुदकन हसली.

काही वेळाने दिवा लुकलुकायचा थांबला. तिने कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर अक्षरं उमटली.

“झालं नाना! उठा आता, पाठ दुखेल.”

“चित्रं गेली?”

“अजून कुठे! तासभर तरी लागेल.”

“मग तू कर तुझं,” असं म्हणून नानांनी स्टूल आणखी भिंतीशी सरकवलं.