लोकांना सांगायचा बर्फ

ओमानात अझैबा भागातल्या मराठी बायका प्रभावतीला विचारल्याशिवाय पोरांना बर्फाला नेत नसत. मॉलमधल्या त्या बर्फाच्या डोंगराची खबर रोज सकाळी मोबाईलवर येई. आज बर्फ किती जाड, मऊ की कडक, आत थंडी किती. पण ती उघडून वाचत कोण बसणार? त्यापेक्षा प्रभावतीला फोन लावला की काम झालं. खबर लिहिणारा तिचाच मुलगा, एकनाथ. तिसरीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला शिकल्यासवरल्या बायका रोज फोन करून विचारतात म्हटल्यावर मान जरा ताठ व्हायचीच.

"चाळीस सेंटीमीटर, मऊ," ती ऐटीत सांगायची. सेंटीमीटर म्हणजे नेमकं केवढं, ते मात्र तिला कुणी विचारू नये.

ओमानातला उन्हाळा आला की ज्यांना सुट्टी मिळते ते सलालाहला पळतात, धुकं नि पाऊस अंगावर घ्यायला. ज्यांना मिळत नाही ते मॉलमधल्या बर्फात जातात. भाड्याचे बूट, भाड्याचा कोट, आणि वरून खाली घसरत यायचं. यंदाच्या उन्हाळ्यात तिथलं बर्फ पाडणारं एक यंत्र बंद पडलं. त्याचा भाग परदेशातून यायचा होता, तो काही येईना. उरलेलं यंत्र एका कोपऱ्यात, डोंगराच्या अगदी कडेला.

एकनाथनं एकदा जेवताना आईला सारं सांगितलं. बर्फ मोजायचा खांब आधी घसरणीच्या मधोमध होता. त्याच्या वरच्या देवेशसाहेबानं तो उचलून त्या चालू यंत्राच्या तोंडाखाली रोवला. तिथं बर्फाचा ढीगच पडतो, खांब रोज चाळीसच दाखवतो. आणि मधोमध? मधोमध बर्फ वितळून गोठतो, पुन्हा वितळून गोठतो, त्याची काच झालीय आणि काचेखाली सिमेंट. सकाळी दारं उघडायच्या आधी कोपऱ्यातला भुसभुशीत बर्फ फावड्यानं उचलून त्यावर पसरायचा, म्हणजे वरून पांढरं दिसतं.

"मग तू लिहितोस काय?" प्रभावतीनं विचारलं.

"खांब दाखवतो ते. खांब खोटं बोलत नाही, आई." त्यानं ताटातला भात चिवडला. "पण आपल्या कुणाला पाठवू नकोस तू."

तेव्हापासून प्रभावतीकडे दोन बर्फ झाले. एक लोकांना सांगायचा, एक घरच्यांना. नात पूर्वाच्या मैत्रिणींना तिनं परत पाठवलं, आज आत फार गर्दी आहे म्हणून. सुनेच्या बहिणीला सांगितलं, पोराला खोकला आहे, नको नेऊस. ज्यांची तोंडओळख होती त्यांना सांगायची, "चाळीस, मऊ." त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. खांबच तसं म्हणत होता.

शकीला तर घरच्यांहून घरची. प्रभावती वेलदूरची, शकीला समोरच्या दाभोळची, मधे फक्त खाडी. इथं परमुलखात एका इमारतीत वर-खाली राहायला आल्या आणि पहिल्याच दिवशी मासळीच्या भावावरून भांडल्या, तेव्हापासून एकमेकींवाचून दोघींचं पान हलत नसे. एकीनं दुसरीला टोमणा मारला नाही तर दुसरी विचारायची, बरं नाही का गो तुला?

पण टोमण्यालाही जागा असते. त्या संध्याकाळी समुद्रावर पाच-सात जणी फिरायला जमल्या होत्या. प्रभावती नेहमीसारखी एकनाथचं कौतुक करत होती, की त्याच्या खबरेवाचून तिथं दार उघडत नाही. शकीला शेंगा सोलत म्हणाली, "यूनुसनं परवा बघितला ना तुझ्या एकनाथला. हातात फावडं, आणि त्या थंडीत घामानं न्हालेला. मोठा साहेब हो, फावडंवाला साहेब."

सगळ्या हसल्या. एक तर डोळे पुसायला लागली.

प्रभावती हसली नाही. शकीलाच्या मुलाचं, यूनुसचं, निझवा गावात मोठं दुकान, त्याला आपणच आजवर 'खजुराची टपरी' म्हणत आलो, ते तिला त्या क्षणी आठवलं नाही. घरी येईतो तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकीलाचा फोन. सुट्टी लागलीय, नात महेक बर्फाला जाऊया म्हणून जीव खातेय, सून तस्नीमला वेळ नाही, तेव्हा मीच घेऊन जाते. "बर्फ कसा आहे गो आज?"

एकनाथनं कामावर पोचल्यावर फोन करून सांगितलं होतं की आज मधली काच फारच उघडी पडलीय, पसरायला पुरेसा भुगाही नाही. ते प्रभावतीच्या ओठांपर्यंत आलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझा मुलगा दिवसभर फावडं मारतो आणि तरी बर्फ पुरत नाही?

"का, मोबाईलवर नाही वाचलंस?" ती म्हणाली. "चाळीस. मऊ. एकनाथनं स्वतः लिहिलंय. जा खुशाल."

"जाते गो बाई. रागावलीयस होय माझ्यावर?"

"मी कशाला रागावू?"

दुपारी एकनाथचाच फोन आला. महेक प्लास्टिकच्या घसरगाडीत बसली होती, दोरी शकीलाच्या हातात. मधल्या काचेवर गाडी आली आणि सुटली. दोरी हातातून गेली. पोर खालच्या कठड्यावर आपटली. खुब्याचं हाड.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वाढतं वय आहे, एक पाय थोडा आखूड राहील. थोडा म्हणजे किती, ते पोर मोठी होईल तेव्हा कळेल.

देवेशसाहेबानं एकनाथला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाला, आजीनं दोरी सोडली, एवढंच झालंय. त्या दिवशीची आपली खबर सगळ्यांनी वाचलेली आहे, मऊ बर्फ, चाळीस. खलास.

"तू काय म्हणालास?" प्रभावतीनं विचारलं.

"काय म्हणू?" एकनाथ म्हणाला. "व्हिसा त्यांचा. पूर्वाची दहावी आहे. तुझ्या पाया पडतो, तू वरच्या मजल्यावर काही बोलू नकोस."

प्रभावती बोलली नाही. तिच्यासारखी बाई बोलली नाही म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. फोन आले की ती सुनेला म्हणायची, आई झोपलीय सांग.

महेक घरी आली आणि वरच्या मजल्यावरून रोज रडण्याचा आवाज येऊ लागला. पोरीचा नव्हे, शकीलाचा. शेवटी प्रभावतीनं डब्यात सोलकढी भरली आणि एकनाथला म्हणाली, "भेटून येते. तू खाली गाडीत थांब, येताना भाजी आणायचीय." तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "डबा देऊन येते फक्त," ती म्हणाली.

दार तस्नीमनं उघडलं. शकीलाची ही सून एरवी "या मावशी, बसा मावशी" करून जीव हैराण करायची. आज नुसती बाजूला झाली. आत पलंगावर महेक, कंबरेपासून खाली प्लास्टरमध्ये, डोळे छताला लावलेले. पलंगाच्या शेजारची खुर्ची रिकामी. शकीला मात्र लांब, दाराशी, चटईवर भिंतीला टेकून बसली होती. मेंदी नेहमी ताजी असणारे तिचे हात कोरडे पडले होते.

"तिथं का बसलीस?" प्रभावतीनं विचारलं.

"पोरीजवळ जायचं नाही म्हणे मी." शकीला हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली. "माझ्या हातात काही टिकत नाही. भरवायचंही नाही. बरोबरच आहे गो. दोरी माझ्याच हातात होती. रोज रात्री बघते मी, कधी सुटली ते. मला आठवतच नाही सोडल्याचं."

"अम्मी, पुन्हा तेच नको," तस्नीम आतून वाटी घेऊन येत म्हणाली. "बर्फ मऊ होता. मऊ बर्फावर एवढ्याशा पोरीची गाडी कशी सुटेल? तुम्ही कुणाशी तरी गप्पा मारत होतात, फोन हातात होता, काय ते अल्लाला ठाऊक. मावशींनीच सकाळी सांगितलं होतं ना, चाळीस, मऊ. मग दोष कुणाचा?"

"माझाच," शकीला म्हणाली.

"तिच्या हातांना नावं ठेवू नकोस गो," प्रभावतीचा आवाज चढला. "याच हातांनी तुझ्या नवऱ्याला वाढवलाय. मी मऊ म्हटलं म्हणून झाला काय मऊ? मी काय तिथं उभी होते?"

शकीलानं मान वर केली.

"तू नव्हतीस," ती सावकाश म्हणाली. "एकनाथ होता."

प्रभावती डबा या हातातून त्या हातात करू लागली.

"प्रभा, बर्फ कसा होता?" शकीलानं विचारलं.

"नव्हता बर्फ," प्रभावती म्हणाली. "मधे काच होती. खाली सिमेंट. वरून भुगा टाकतात दिसायला. ती गाडी तू काय, यूनुसनं धरली असती तरी सुटली असती."

तस्नीमच्या हातातली वाटी कलली आणि महेकसाठीचं खिमट थोडं लादीवर सांडलं. तिनं ते पुसलं नाही.

"मी फोन केला तेव्हा माहीत होतं तुला?" शकीलानं विचारलं.

"होतं."

"सगळ्यांना असंच सांगतेस?"

"लोकांना सांगते," प्रभावती म्हणाली. आता थांबून उपयोग नव्हता. "घरच्यांना नाही सांगत. घरच्यांना काहीतरी करून अडवते."

शकीला तिच्याकडे बघत राहिली. खाडीपलीकडे होडी दूर जाताना माणूस बघतो तशी.

"मग मी कोण गो?"

फावडं, शेंगा, त्या हसणाऱ्या बायका, हे सारं प्रभावतीच्या मनात आलं आणि एवढं बारीक वाटलं की तोंडातून काढायचीही लाज वाटली.

तस्नीम पुढं आली. सासूसमोर वाकली आणि वाटी तिच्या हातात दिली. शकीला भिंतीला धरून उठली, पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. पहिला चमचा तिनं बराच वेळ फुंकला. महेकनं तोंड उघडलं.

प्रभावतीला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सोलकढीचा डबा तिनं दाराशी ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरली.

खाली ऊन असं होतं की गाडीच्या दाराला हात लावता येईना. एकनाथनं आतून दार उघडलं. ती बसली. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि पुढं काही विचारायची गरज उरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवून तो समोर बघत राहिला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडच्या इमारतीतली कुणीशी, मराठी मंडळातली. तोंडओळखीची.

"काकू, बऱ्याच दिवसांनी लागला तुमचा फोन. उद्या शुक्रवारची सुट्टी ना, पोरांना न्यायचंय. बर्फ कसा आहे?"

एकनाथनं तिच्याकडे मान वळवली. त्याचे ओठ हलले. आई, एवढंच.

"नेऊ नकोस," प्रभावती म्हणाली. "बर्फ नाही तिथं. सिमेंट आहे. तुझ्या ओळखीच्या सगळ्यांना सांग."

"अहो, पण मोबाईलवर तर चाळीस..."

"तिथं काहीही असू दे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

प्रभावतीनं शेजारी बघितलं. मुलाचे हात आता मांडीवर उताणे पडले होते, तळव्यांना फोड आले होते, काही फुटलेले, काही वाळलेले. इतके दिवस तिनं ते नीट पाहिले नव्हते.

"माझ्या मुलानं," ती म्हणाली. "तिथं फावडं मारतो तो."