सगळ्यात अवघड राऊटर

"ह्यातला सगळ्यात अवघड कुठला?" गणपतीनं विचारलं, आणि राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक बाळासो हातातला चहा तसाच धरून त्याच्याकडं बघत राहिला.

"अवघड? पावणं, लोक सोपा मागत्यात. हा घ्या की. सीडी घालायची, चित्रं बघत तीन बटणं दाबायची, घरभर बिनवायरचं इंटरनेट. परवा एक आजी घेऊन गेल्या, त्यांनी स्वतः बसवला."

"तो नको. दुसरा दाखवा."

"दुसरा हाय. पर त्यात सगळं हातानं भरायला लागतंय. पुस्तक इंग्रजीत. चांगली शिकलेली माणसं परत घेऊन येत्यात."

"मग तोच द्या."

बाळासोनं खोकं पुढं सरकवलं. विचित्र गिऱ्हाइकं त्यानं कमी बघितली नव्हती, पण ही तऱ्हा नवीनच होती.

आता गणपती काही येडा नव्हता. साल दोन हजार आठ. टेलिफोन खात्यातनं लाईनमन म्हणून रिटायर होऊन त्याला दोन वर्षं झालेली, आणि बायको ललिता जाऊन तीन. एकुलती एक लेक दीप्ती बंगळूरला कंपनीत. तिनं आपला कॅमेऱ्याचा जुना लॅपटॉप धाडला होता आणि फोनवर बजावलं होतं, "पप्पा, सोप्यातला सोपा राऊटर घ्या. मग रोज तोंड बघून बोलू. आणि न्हाईच जमलं तर मी दोन दिवस येऊन बसवून देते."

एवढ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तेवढं त्याच्या कानात राहिलं. तिला येऊन वर्ष उलटलं होतं. घरबसल्या रोज तोंड दिसायला लागल्यावर ती कशाला येतेय, सांगा की!

घरी येऊन त्यानं खोकं उघडलं ते नुसतं बघायला म्हणून. पण तेहतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस, वायर दिसली की हात शिवशिवणारच. चष्मा लावला. आकृत्या बघितल्या. इंग्रजी शब्द अडला तिथं दीप्तीची शाळेतली डिक्शनरी काढली. दीड तासात चारही हिरवे दिवे लागले. लॅपटॉप घेऊन तो स्वयंपाकघरात गेला, तर तिथंही चालू! "आयला!" म्हणून त्यानं मांडीवर थाप मारली आणि इकडंतिकडं बघितलं. पण सांगायचं कुणाला? घरात चिटपाखरू नव्हतं. मग कुठं त्याच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. लेकीची येण्याची वाट स्वतःच्या हातानं बुजवली, दुसरं काय.

दारामागच्या फळीवर राऊटर ठेवला होता. गणपतीनं भिंतीवरच्या फोनच्या डबीतनं त्याला येणारी आखूड वायर उपसली. एक दिवा विझला.

वायर हातात धरून उभा राहिला आणि त्याला गडमुडशिंगी गावची आक्का आठवली.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. म्हातारी एकटी राहायची. मुलगा अमरसिंह मुंबईला, त्याचा फोन महिन्यातनं एकदा. पण आक्काची लाईन दर पंधरा दिवसांनी डेड व्हायची. गणपतीनं सायकल मारत जायचं, कपाटामागं बघायचं, तर वायर डबीतनं निघालेली. "उंदीर वढत्यात रं," आक्का म्हणायची आणि चहा टाकायची. चहा घरातल्याच कपातनं द्यायची. त्या काळात गणपतीला सगळ्याच घरांत तसा मिळत नव्हता. ललिता कशी हाय, दीप्तीचा नंबर कितवा आला, सगळं विचारायची. उंदीर-बिंदीर काही नव्हते, हे त्याला पहिल्या खेपेलाच कळलं होतं.

पण एका पावसाळ्यात गावोगाव लाईनी पडलेल्या, साहेब डोक्यावर बसलेला, आणि त्यातच आक्काचा फोन पुन्हा डेड. गणपतीचं टाळकं सरकलं. त्यानं वायरीवर ओळीनं क्लिपा ठोकल्या, डबी स्क्रूनं आवळली आणि म्हणाला, "आता हत्ती लावला तरी निघायची न्हाय. कामाच्या माणसाचा खेळ करू नका, आक्का." चहा उकळत होता, तो न घेताच गणपती निघाला.

त्यानंतर तिथनं एकही तक्रार आली नाही. दीड वर्षानं कागद आला तो लाईन काढून टाकायचा. आक्का गेली होती. त्या दिवशी त्या क्लिपा उपसायला त्याला पाऊण तास लागला.

"चुकलं आक्का माझं," गणपती मोठ्यानं म्हणाला.

संध्याकाळी त्यानं दीप्तीला फोन लावला. "न्हाय बाई लागत. लई अवघड हाय."

"दिवे किती लागल्यात?"

"एक लागत न्हाय."

"वायर नीट बसवलीय न्हवं?"

"बसवली की!" गणपतीनं दडपून सांगितलं. जन्मभर ही थाप त्यानं लोकांच्या तोंडून ऐकली होती, आज पहिल्यांदा मारली.

तीन संध्याकाळी हेच चाललं. चौथ्या दिवशी पोरगी वैतागली. "ऱ्हाऊ दे पप्पा, शनिवारी मीच येते."

मग काय विचारता! गणपतीनं गादी उन्हात घातली, उशीचे अभ्रे धुतले, ललिताच्या पेटीतली फुलाफुलांची चादर काढली. दीप्तीला आवडतं म्हणून भडंगाचा डबा गच्च भरून टेबलावर ठेवला. शेजारच्या चिमणाबाईला "लेक येणार हाय" म्हणून तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेला तेव्हा ती हसली, "व्हय की वो, कळलंय मला."

शुक्रवारी दुपारी फोन आला. "पप्पा, सुट्टी न्हाय मिळत. पर तुम्ही काळजी करू नका. खोक्यावर दुकानाचा नंबर हुता न्हवं, तुम्ही सांगितलेला? त्यांच्याशी बोलले मी. उद्या माणूस येऊन बसवून देतोय."

"बरं झालं की," गणपती म्हणाला. फोन ठेवला. बराच वेळ तो तिथंच स्टुलावर बसून राहिला.

शनिवारी सकाळी बाळासो स्वतःच आला. दारामागं वाकला, तर वायर बाहेर लोंबत होती. लॅपटॉप उघडून बघितलं, तर सगळं जिथल्या तिथं भरलेलं. तो गणपतीकडं वळला.

"काका, ह्यात काय बी बाकी न्हाय. नुसती वायर निघालीय."

"उंदीर वढत्यात," गणपतीच्या तोंडून निघून गेलं. कान तापले त्याचे. "बसा की. चहा टाकतो."

"नको. दुकान उघडायचं हाय." बाळासोनं वायर खुपसली, चार दिवे लागलेले बघितले, आणि चपला घालून गेलासुद्धा.

दहा मिनिटांत पडद्यावर दीप्ती उमटली. डोळ्यांखाली काळं आलेलं, केस कापलेले. हे फोनवर कधी कळलं नव्हतं.

"बघा पप्पा, किती सोपं हुतं!" ती हसली आणि मग त्याच्या खांद्यावरनं मागं बघायला लागली. "ती आईची चादर न्हवं? गादी कुणासाठी घातलीय? आणि एवढं भडंग?"

कोण पाव्हणा येणार हाय म्हणून सांगावं, असं त्याला वाटलं. जमलं नाही.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "सगळं पहिल्याच दिवशी लागलं हुतं, दीप्ते. वायर मीच काढली. तू येशील म्हणून. मला करमत न्हाय गं हितं एकट्याला."

दीप्ती हलेना. काही बोलेनाही. चित्र अडकलं असं वाटून गणपती सवयीनं उठला आणि दारामागं जाऊन बघून आला. चारही दिवे लागलेले होते. लाईनीत काही दोष नव्हता.

परत येऊन बसला तेव्हा ती ओढणीनं नाक पुसत होती.

"पप्पा, ती वायर परत काढा. पुढच्या शनिवारी मी येऊन बसवते. आणि त्या दुकानवाल्याला बोलवायचं न्हाय."

"आत्ता काढू?"

"आत्ताच काढा. न्हाईतर मी परत न्हाय यायची. माहीत हाय मला माझं."

गणपती दारामागं गेला. बोलत्या माणसाची लाईन त्यानं सगळ्या नोकरीत कधी तोडली नव्हती. त्यानं वायर धरली, एकदा मागं वळून पडद्यावरचं तोंड बघितलं, आणि ओढली.

लॅपटॉपजवळ परत आला तर चित्र गेलेलं होतं. त्यानं चादरीची सुरकुती हातानं सारखी केली, भडंगाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. अजून सात दिवस होते.