मुराळ्याविना

सुंदराला दुबईत फिटर असलेल्या मोहोपाड्याच्या मुलाचं स्थळ आलं आणि कडावच्या भिवाजीच्या ओटीवर तंटा उभा राहिला. मुलाला कंपनीनं बिऱ्हाडासाठी खोली दिलेली, सुंदरालाही तो पसंत. निरोप आणलेला धाऊमामा आजच्या आज उत्तर मागत होता. भिवाजीचा नन्ना होता, आणि आपला नन्ना म्हणजे अख्ख्या घराचा, अशी त्याची पक्की समजूत.

"बाराशे मैल," तो म्हणाला. "पोर द्यायची का समुद्रात टाकायची?"

"इमान तीन तासांत मुंबईला आनतं," धाऊमामा म्हणाला.

"आनंल. पन तिला न्यायला कोन जानार? मुराळी इमानात बसनार का?"

ओटीवरचे बाप्ये खो खो हसले. माहेरचं कुणी न्यायला आल्याशिवाय, मुराळी दारात उभा राहिल्याशिवाय, भिवाजीच्या घरातली सासुरवाशीण माहेरी जात नसे.

दाराआड तांदूळ निवडणारी त्याची बायको गोदूबाई मात्र हसली नाही. तिचं माहेर चौकला, जेमतेम बारा-तेरा मैलांवर. भाऊ चांगो आधी दर दिवाळीला न्यायला यायचा. मग एका लग्नात मानपानावरून त्याचं नि भिवाजीचं वाजलं, आणि त्यानं येणं सोडलं. त्याला चार वर्षं झाली. डोळ्यांनी अधू झालेली आई, अंबूबाई, कडावचं कुणी भेटलं की विचारायची, माजी गोदू हाय ना जिती? हे कानावर आलं की गोदूबाई मुकाट्यानं गिळायची. आज तिला ते गिळवेना. तिला भयंकर राग आला होता.

सूप बाजूला सारून ती सरळ ओटीवर आली.

"धाऊमामा, होकार कळवा."

"तुला कोनी इचारलं गं?" भिवाजी म्हणाला.

"पोर माजी पन हाय. माजी आय बारा मैलांवर हाय नि चार वर्सं मला दिसली नाय. मग लांब कोन पडली, सुंदरा का मी? ती तिकीट काढील नि येल. तिला मुराळी लागायचा नाय."

"घरची रीत हाय ती."

"मी पाळली. ती नाय पाळनार."

"बोलायला काय जातंय?" भिवाजी हसला. "तू कदी गेलीस का एकटी?"

गोदूबाई आत गेली. बाई गप्प बसली, असं समजून भिवाजीनं पानाचा डबा पुढे ओढला. एवढ्यात ती ठेवणीतलं लुगडं नेसून, आईसाठी तांदळाची पिशवी घेऊन बाहेर आली आणि वहाणा शोधू लागली.

"आता कुटं?"

"चौकला. यष्टी यायची येळ झाली."

"न्यायला कोन आलंय?"

"कोनी नाय."

भांडण विकोपाला जाऊ नये म्हणून धाऊमामा चटकन उठला. "चल गोदू, मी येतो मुराळी म्हनून. मंग झालं ना?"

"बसा मामा," पायऱ्या उतरता उतरता ती म्हणाली. "तुमाला होकार घिऊन मोहोपाड्याला जायचंय."